सातकामीचं झाकण

चौथी बाईही वाकली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या मिस्त्रींनी नकळत श्वास रोखला. बाईंनी यंत्र ओट्यावर स्वतःकडे ओढून घेतलं, झाकणावरची काळी काच निरखली, तिच्यावरची चिन्हं नीट दिसावीत म्हणून त्या कमरेतून पुढे झुकल्या आणि काचेच्या मधोमध असलेल्या गोल बटणावर त्यांनी बोट ठेवलं. टक् असा आवाज झाला आणि झाकण वर उचललं गेलं. त्या क्षणी बाईंचा चेहरा भांड्याच्या तोंडापासून वीतभरही लांब नव्हता.

"अगंबाई, किती अलगद उघडतं हो!" त्या हसून म्हणाल्या.

"बंद करून परत एकदा उघडाल?" वही घेऊन बसलेल्या मुलीनं विचारलं.

बाई पुन्हा वाकल्या.

भांडं रिकामं होतं. त्यात वाफ नव्हती, सूप नव्हतं, खालून तापणारी तबकडीही नव्हती. मुळात यंत्रच खोटं होतं. मिस्त्रींनीच ते घडवलं होतं. आत फोम, त्यावर लांबीचा लेप, त्यावर चार हात रंग. वजन खरं वाटावं म्हणून तळाशी शिशाचे तुकडे आणि झाकण उघडताना तो 'टक्' आवाज यावा म्हणून एका जुन्या पेनातली स्प्रिंग. आवाज मनासारखा जमायला दोन दिवस लागले होते.

घरगुती उपकरणं बनवणाऱ्या त्या कंपनीत मिस्त्री एकतीस वर्षं मॉडेलं करत होते. नवीन काही काढायचं ठरलं की डिझाइनवाले ते कागदावर काढत, आणि ती वस्तू घरात कशी दिसेल, हातात कशी बसेल हे कळावं म्हणून मिस्त्री ती हुबेहूब करून देत. न तापणाऱ्या इस्त्र्या, न फिरणारे पंखे, आतून भरीव मिक्सर. त्यांची बायको हयात होती तेव्हा पाहुण्यांसमोर हटकून म्हणायची, "आमच्या ह्यांच्या हातचं एक यंत्र आजवर चाललेलं नाही, आणि तरी कंपनी ह्यांना सोडत नाही." पाहुणे हसायचे. मिस्त्रीही हसायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, पण अजूनही एखादं मॉडेल पूर्ण झालं की ते वाक्य त्यांना ऐकू यायचं.

या खेपेचं काम मोठं होतं. एकच यंत्र आणि कामं सात. तोलणं, चिरणं, वाटणं, मळणं, घोटणं, शिजवणं, वाफवणं. नाव अजून ठरायचं होतं, त्यामुळे वर्कशॉपमध्ये सगळे त्याला 'सातकामी' म्हणत. तीन डिझाइनरनी तीन संकल्पना मांडल्या होत्या. पहिल्या यंत्राचं झाकण दोन्ही हातांनी पीळ देऊन उघडायचं होतं. आधी अर्धा पीळ, म्हणजे वाफ बाजूनं निघून जाईल, मग उरलेला. ते दिसायला मात्र धोंड्यासारखं होतं. दुसऱ्याला बादलीसारखी कडी होती. तिसरं सगळ्यांत देखणं होतं. गुळगुळीत, पांढरं, कुठे सांधा दिसत नव्हता. सगळी चिन्हं झाकणावरच्या काचेत, आणि झाकण एका बोटानं उघडणारं.

तिसरं यंत्र मिस्त्रींच्या भाचीचं होतं.

दुपारपर्यंत मॉडेलं हाताळून बघायला दहा जण येऊन गेले. आठ बाया आणि दोन पुरुष. मिस्त्रींचं काम इतकंच होतं, की दोन माणसांच्या मधल्या वेळात मॉडेलं पुसायची, सैल झालेलं काही असेल तर बसवायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायची. पण चौथ्या बाईनंतर ते बोटांवर मोजायला लागले होते. पहिल्या यंत्रावर कुणीच वाकलं नाही. पीळ द्यायचा म्हटल्यावर माणूस कोपर बाहेर काढून ताठ उभं राहतं. तिसऱ्या यंत्रावर दहापैकी आठ जण वाकले. न वाकलेल्यांपैकी एक जण ताडमाड उंच होता, त्याला वरूनच सगळं दिसत होतं. उरलेल्या एका बाईंनी आल्या आल्याच सांगितलं होतं, की पाठीचं दुखणं आहे, वाकता येत नाही.

वहीतल्या तक्त्यात 'आवडलं का', 'जड वाटतं का', 'कळायला सोपं आहे का' असे रकाने होते. वाकण्याचा रकाना नव्हता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाची धावतच वर्कशॉपमध्ये आली.

"मामा, कळलं का? दहापैकी नऊ जणांना माझं आवडलं! नऊ!"

ती लहानखुरी होती, म्हणून घरात तिला सगळे बारकी म्हणत. सात वर्षांची असताना शाळा सुटली की ती इथेच येऊन बसायची, कारण आई घरी शिवणकामात बुडालेली असायची. मिस्त्री तिला लाकडाचा तुकडा आणि पॉलिश पेपर द्यायचे. "डोळे मिटून हात फिरव," ते सांगायचे, "डोळ्यांना फसवता येतं, हाताला नाही." आज ती त्याच कंपनीत डिझाइनर होती. नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि हे तिचं पहिलं स्वतःचं काम होतं.

"बारके, एक सांगायचं होतं."

"सांग की."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. तिनं डबा उघडला होता, पण जेवायचं सोडून ती चमच्यानं डब्याच्या कडेवर ताल धरत होती.

"डाव्या बाजूला रंग जरा फिका पडलाय," मिस्त्री म्हणाले. "उद्या परत एक हात मारतो."

"मार ना. तुझ्याशिवाय कुणाला दिसलाही नसता."

संध्याकाळी बसस्टॉपवर उभे असताना त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण इंजिनीअर नाही. वाफ, दाब, तापमान बघायला वेगळी माणसं आहेत. आपण रंग आणि लांबीवाले.

आठवड्यानं निवडीची बैठक झाली. तिन्ही मॉडेलं मिस्त्रींनी स्वतः उचलून मोठ्या टेबलावर नेऊन ठेवली. प्रकल्पाचे साहेब, विक्री विभागाच्या बाई, वाफेचं काम बघणारा इंजिनीअर आणि तिघे डिझाइनर. विक्रीच्या बाईंना तिसऱ्या यंत्रावरून हात काढवेना.

"एका बोटानं उघडणारं! हे सांगायला मला जाहिरातीत दुसरे शब्दच लागणार नाहीत."

"वाफेचं काय?" साहेबांनी इंजिनीअरला विचारलं.

"आत कुलूप आहे ना. भांड्याच्या तोंडाशी सेन्सर बसवतोय. आत वाफ आहे तोवर बटण कितीही दाबा, झाकण उघडणारच नाही."

"मग प्रश्नच मिटला." साहेब खुर्चीत मागे रेलले आणि दाराशी उभ्या मिस्त्रींकडे बघून हसले. "मिस्त्री, तुम्ही एवढी वर्षं यंत्रं पाहिलीत. तुमचं काय मत?"

प्रश्न गमतीचा होता. सगळे हसरे चेहरे करून मिस्त्रींकडे वळले. फक्त भाची हसत नव्हती. ती टक लावून त्यांच्याकडे बघत होती. मिस्त्रींना वाटलं, पोरीचा जीव टांगणीला लागलाय.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले.

"बघा!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "मामांचा शिक्का बसला."

त्यानंतर मिस्त्रींना सगळीकडे वाकलेली माणसं दिसायला लागली. फाटकावरचा पहारेकरी नोंदवहीवर वाकलेला असायचा. कॅन्टीनवाली मोठ्या पातेल्यात डोकावायची आणि मिस्त्री रांगेत उभे असताना दचकायचे. बसमध्ये एक बाई मांडीवरच्या बाळावर वाकली होती, तर त्यांना घाम फुटला. आपलं डोकं फिरलंय की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी रक्तदाब तपासून घेतला. तो ठीक होता.

खरी यंत्रं तयार व्हायला पाच महिने गेले. पहिलं यंत्र चाचणीच्या खोलीत सुरू झालं तेव्हा सगळ्यांबरोबर मिस्त्रीही बघायला गेले होते. आपण घडवलेली वस्तू चालताना ते पहिल्यांदाच बघत होते. आतून आधी गुरगुर आली, मग बारीक शिट्टीसारखा आवाज आणि मग काहीच नाही. ती शांतता त्यांना अजिबात आवडली नाही. इंजिनीअरनं काचेतलं वाफेचं चिन्ह विझेपर्यंत थांबून बटण दाबलं. झाकण टक् करून उघडलं. वाफेचा एक सुस्त पट्टा वर आला आणि विरला. टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी पाहिलं, बटण दाबताना इंजिनीअरही वाकला होता.

विक्रीला काढण्याआधी वीस यंत्रं कर्मचाऱ्यांच्या घरी वापरून बघायला द्यायचं ठरलं. ज्यांना हवं त्यांनी नाव द्यायचं आणि दोन महिने वापरून काय वाटलं ते लिहायचं. पहिलं नाव भाचीनं दिलं.

"आईला देणार," ती म्हणाली. "आयुष्यभर एका हातानं शिवण आणि एका हातानं स्वयंपाक केलाय तिनं. आता जरा बसू दे."

रविवारी मिस्त्री नेहमीसारखे बहिणीकडे जेवायला गेले. बहीण त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. नवरा लवकर गेला, तेव्हापासून गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवून तिनं घर चालवलं होतं. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं शिलाई मशीन, आणि मागे छोटा ओटा. सातकामी ओट्यावर एखाद्या पाहुण्यासारखी ऐटीत बसली होती. बहिणीनं तिच्यावर स्वतः शिवलेला फुलाफुलांचा कपडा घातला होता.

"बघ दादा, तुझ्या भाचीचं यंत्र! मी गाजरं टाकली, पाणी टाकलं आणि तुझ्याशी गप्पा मारत बसले. ते शिजवतं, मग तेच घोटतं. मला तर वाटतं, थोड्या दिवसांनी ते मला 'ऊठ, पाणी आण' म्हणेल."

"जपून वापर हां," मिस्त्री म्हणाले.

"एवढा का गंभीर झालास? मी काय लहान आहे?"

यंत्राचं चिन्ह विझलं. बहीण उठून ओट्यापाशी गेली. चष्मा डोक्यावर सरकवलेला होता, तो तिनं डोळ्यांवर घेतला आणि काचेत नीट बघायला ती वाकली.

"अगं, जरा लांबून!" मिस्त्री जागेवरून अर्धे उठले.

"काय झालं?"

"काही नाही. गरम असतं, म्हणून म्हटलं."

"मामा, कुलूप आहे त्याला," भाची ताटं मांडता मांडता म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "वाफ असेपर्यंत उघडतच नाही ते."

"हो. माहितीये मला."

टक् आवाज झाला. काहीही झालं नाही. सूप छान झालं होतं. मिस्त्रींनी दोनदा घेतलं, पण चव काही जिभेवर राहिली नाही. निघताना ते चपला घालत असताना बहिणीनं विचारलं, "दादा, तुला बरं वाटत नाहीये का?" ते म्हणाले, "वय झालं." ती म्हणाली, "मग माझंही झालं की," आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे असेच गेले. बहीण फोनवर रोज नवीन काहीतरी सांगायची. आज वाटाणे, आज भोपळा, आज पीठ मळून बघितलं. मिस्त्री 'हं, हं' करायचे. दर वेळी फोन ठेवला की आजचा दिवस तरी गेला, असं त्यांच्या मनात यायचं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता वर्कशॉपमधला फोन वाजला. बहिणीची शेजारीण होती. ती इतकी घाईत बोलत होती की मिस्त्रींना फक्त 'तोंडावर' आणि 'डोळे' एवढेच शब्द कळले.

घट्ट सूप घोटताना उसळून सेन्सरवर बसलं होतं आणि तिथेच चिकटलं होतं. वाफ संपली असं यंत्राला वाटलं. चिन्ह विझलं, कुलूप सुटलं. आत कोंडलेली वाफ आणि उकळतं सूप झाकणाबरोबरच बाहेर आलं. बहीण काचेवर वाकलेली होती. चष्मा डोक्यावर होता, डोळ्यांवर घ्यायचा राहिला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची कातडी हळूहळू भरून येईल. उजव्या डोळ्याची आशा कमी आहे. डाव्याचं पट्टी काढल्यावरच कळेल, तीन आठवडे तरी थांबायला हवं. भाचीनं विचारलं, "सुईत दोरा ओवण्याइतकं तरी दिसेल?" डॉक्टर कागद चाळत राहिले.

शनिवारी दुपारी कंपनीत चौकशी बसली. टेबल तेच, माणसंही तीच. फक्त एक वकील जास्त होते. भाची टेबलाच्या टोकाला बसली होती आणि तीन दिवसांत तिचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. मिस्त्रींना बोलावलेलं नव्हतं. ते आपणहून आले होते आणि दाराशी उभे होते.

"घडलं ते फार वाईट घडलं," साहेब म्हणाले. "उपचारांचं कंपनी बघेल. पण नोंद काय करायची हे ठरवायला हवं. भांडं जास्त भरलं असेल. शिवाय गरम भांड्यावर वाकून झाकण उघडणं ही वापरणाऱ्याची चूक धरायला हवी."

"पुस्तिकेत तशी सूचना घालता येईल," वकील म्हणाले. "आणि बाकीच्या घरी इतक्यात काही कळवू नका. पत्राची भाषा मी सोमवारी करून देतो. तोंडी कुणी काही बोलायचं नाही. बोलणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, हे लक्षात ठेवा."

"चूक नाही ती," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मिस्त्री, तुमच्या बहिणीचा प्रश्न आहे, आम्ही समजू शकतो..."

"बहीण नसती तरी हेच सांगितलं असतं." बोलल्या बोलल्या मिस्त्रींच्या लक्षात आलं, की हे खरं नाही. बहीण नसती तर कदाचित ते आजही इथे आले नसते. "मॉडेल बघायला दहा माणसं आली होती, तेव्हा मी खोलीत होतो. दहातली आठ वाकली. चिन्हं वर आहेत, बटण वर आहे, मग माणूस दुसरं करणार काय? ते यंत्रच वाकायला लावतं. पहिल्या यंत्रावर एकही वाकलं नव्हतं. मी मोजलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?" इंजिनीअरनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मिस्त्रींकडे उत्तर होतं, पण ते या टेबलावर देता येण्यासारखं नव्हतं.

"नाही बोललो," ते म्हणाले. "ते माझ्या नावावर लिहा."

ते बाहेर आले आणि जिन्यापाशी थांबले. मागून दार उघडल्याचा आवाज आला. भाची आली आणि दोन पायऱ्या वर उभी राहिली. आता तिचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होते.

"मामा, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चौथ्या बाईपासून."

"मग?"

"तुझं पहिलं काम होतं, बारके. तू एवढी खुशीत होतीस. माझ्या तोंडून ते निघेना. शिवाय ते इंजिनीअर, ते कुलूप... मला वाटलं, आपण म्हातारी माणसं उगाच भितो."

खाली वर्कशॉपमध्ये कुणीतरी यंत्र सुरू केलं आणि बंद केलं.

"मीही पाहिलं होतं," ती म्हणाली.

मिस्त्रींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या खोलीत कॅमेरा होता ना. त्याचं सगळं चित्रण मी घरी नेऊन पाहिलं. एकामागून एक सगळ्यांची तोंडं त्या भांड्यावर. मग मी म्हटलं, मामा तिथेच बसला होता. त्याच्या नजरेतून धुळीचा कण सुटत नाही. काही असतं तर तो गप्प बसला नसता. तरी मला खात्री वाटेना. बैठकीत साहेबांनी तुला विचारलं, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. वाटलं, आता हा सांगेल. तू म्हणालास, काम चांगलं झालंय." तिनं कठड्यावरचा हात काढून घेतला. "मग मी ते चित्रण पुसून टाकलं."

तिला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं, पण हात उचलला गेला नाही. तीही खाली उतरली नाही. दोघं तसेच उभे राहिले आणि मग एकामागून एक जिना उतरून बसस्टॉपकडे चालू लागले.

हॉस्पिटलमध्ये बहिणीचा पलंग भिंतीकडेला होता. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत पांढरी पट्टी, नाकाशी फट आणि बाहेर फक्त तोंड आणि हनुवटी. मिस्त्री एका बाजूच्या खुर्चीवर बसले, भाची दुसऱ्या बाजूच्या.

"कोण? दादा?"

"हो."

"आणि पोरगी?"

"मी पण आहे, आई."

मग कुणी बोलेना. पलीकडच्या पलंगावरच्या बाईला भेटायला आलेली माणसं खुसखुसत होती. नर्स येऊन सलाइन बघून गेली.

"अरे, बोला ना काहीतरी," बहीण म्हणाली. पट्टीमुळे ओठ नीट हलत नव्हते. "मला दिसत नाहीये रे. तुम्ही असे गप्प बसलात की वाटतं खोलीत कुणी नाहीच. एकटीच पडलेय असं वाटतं."

मिस्त्रींनी भाचीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.

"सांगतो," ते म्हणाले. "सगळंच सांगतो. मध्ये थांबवू नकोस."

त्यांनी चौथ्या बाईपासून सुरुवात केली. दहातली आठ, रंगाचा फिका पट्टा, 'काम चांगलं झालंय', रविवारचं सूप. सांगताना ते मधे मधे अडकत होते, पण त्यांनी काही वगळलं नाही. ते थांबले तिथून भाचीनं सुरुवात केली. ती पुसलेल्या चित्रणापर्यंत आली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला, की मिस्त्रींना खुर्ची पुढे ओढावी लागली.

बहीण ऐकत होती. तिची बोटं आधी चादरीची कड चिमटीत धरून शिवण तपासल्यासारखी सरकत होती, ती मधेच कधीतरी थांबली. दोघांचं बोलून झालं. मिस्त्री वाट बघत राहिले. ती ओरडली असती, रडली असती, 'चालते व्हा' म्हणाली असती तरी चाललं असतं.

"किती दिली होती?" तिनं विचारलं.

"काय?"

"यंत्रं. घरोघरी किती दिली होती?"

"वीस," भाची म्हणाली. "आपलं धरून."

"म्हणजे एकोणीस राहिली. त्यांना सांगितलंत?"

मिस्त्रींची खुर्ची करकरली.

"सांगितलंत का?"

"सोमवारी पत्र जाणार आहे, आई. तोवर तोंडी कुणी काही सांगायचं नाही, असं... वकील म्हणाले, कारवाई होईल."

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"किती वाजले?"

"पाच वाजत आलेत," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे आता बायका स्वयंपाकाला लागतील." बहिणीनं मान थोडी वळवली, आवाज ज्या बाजूनं येत होता तिकडे. "मला काय म्हणायचंय ते नंतर म्हणेन. तुम्हाला दोघांनाही म्हणेन. आधी फोन लावा."

भाचीनं मिस्त्रींकडे पाहिलं. जिन्यानंतर तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं होतं. मिस्त्रींनी मान हलवली. तिनं फोन काढला, त्यात यादी शोधली आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, मी डिझाइनमधून बोलतेय. तुमच्याकडे यंत्र आहे ना, ते वापरू नका. हो, अजिबात नाही. आत्ता सुरू आहे का?"

"प्लग काढायला सांग," बहीण मधेच म्हणाली. "आणि म्हणावं, लांब उभी राहा. झाकणाला हात लावू नको."

भाचीनं तसंच सांगितलं. दुसरा नंबर. तिसरा. चौथ्या घरची बाई म्हणाली, "अहो, आत्ता भाजी आत टाकतच होते," आणि भाचीनं फोन मिस्त्रींपुढे धरला. मिस्त्रींनी तिच्या हातून फोन घेतला आणि पुढचं त्यांनी सांगितलं. मग ते दोघं आळीपाळीनं फोन करू लागले. ती नंबर लावायची, ते बोलायचे. ते दमले की ती बोलायची. मिस्त्री दर वेळी आधी स्वतःचा हुद्दा सांगत. कुणी विचारलं, तुम्हाला कंपनीनं सांगायला सांगितलंय का, तर म्हणत, "नाही. मी सांगतोय." पलीकडच्या पलंगाजवळची माणसं गप्प होऊन ऐकत होती. बहीण उताणी पडून एक-एक घर मोजत होती. "अकरा. बारा."

अठरा घरं झाली. एकोणिसावं घर भांडारातल्या कारकुनाचं होतं. घरी त्याची बायको आणि म्हातारी सासू असायच्या.

घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. वाजून वाजून फोन आपोआप बंद झाला.

भाचीनं पुन्हा लावला. या वेळी तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो चादरीवर, आईच्या हाताशी ठेवला. तिघंही त्या घंटेकडे कान लावून बसले. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं, आणि वॉर्डात रात्रीच्या जेवणाची गाडी आल्याचा खडखडाट होत होता.

"बाहेर गेल्या असतील," मिस्त्री म्हणाले.

बहिणीनं पट्टी बांधलेला चेहरा फोनच्या दिशेनं वळवला.

"परत लाव," ती म्हणाली. "आणि दादा, तू त्यांच्या घरी जायला नीघ."